घड्याळ लंगडते तेव्हा

लोलकाची घड्याळे आता फार घरांत उरलेली नाहीत. जिथे उरली आहेत तिथे ती बहुतेक बंद होऊन भिंतीवर टांगलेली आहेत. कुणाच्या आजोबांनी गावी नेलेले, कुणाला निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या सोबत्यांनी वर्गणी काढून दिलेले, कुणी हौसेने भंगारातून उचललेले. काचेवर धूळ, काटे सव्वादहावर नाहीतर पावणेचारवर थांबलेले, आणि विचारले की ठरलेले उत्तर मिळते: "बिघडलंय. आता दुरुस्त करणारा कुठे मिळतो?" आमचे म्हणणे असे की यातली बरीच घड्याळे बिघडलेली नसतातच. ती फक्त वाकडी टांगलेली असतात. दुरुस्त करणारा खरोखरच मिळत नाही, म्हणून आम्हाला जे घरच्या घरी करावे लागले ते इथे मांडतो आहोत.

आमच्या घरचे घड्याळ आप्पांनी १९६८ साली बोनसच्या पैशांतून चोरबाजारात घेतले. जुनेच होते. लाकडी पेटी, काचेचे दार, रोमन आकडे, तासाला तासाएवढे टोले आणि अर्ध्या तासाला एक. आप्पा गिरणीच्या त्रासन खात्यात होते. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. कुणी म्हणेल, गिरणीचा भोंगा होता तर घड्याळ कशाला? भोंगा फक्त निघायला सांगत असे. अजून किती वेळ झोपायला आहे, स्टोव्ह कधी पेटवायचा, मुलांनी दिव्याखाली आणखी किती वेळ वाचले तरी चालेल, हे भोंग्याला काय ठाऊक? आमच्या मजल्यावर तेव्हा असे एकच घड्याळ होते. शेजारच्या बाया दारातून विचारत, "किती झाले वो?" आणि आमची आई मान वर करून सांगत असे. सांगताना तिचा आवाज जरा मोठाच होई.

वेळ लावायची ती कोणत्या घड्याळावरून, हाही एके काळी मुंबईत वादाचा विषय होता. आजच्या पिढीला हे माहीत नसते. १९०६ साली सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबई महापालिकेने आपला जुना 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडला नाही. दोन्हींत एकोणचाळीस मिनिटांचा फरक. आमचे आजोबा कुणी वेळ सांगितली की विचारत, "स्टेशनचा टाइम का म्युनिशिपालटीचा?" ज्याचा रोज मिनिटावरून कापला जातो, त्याने हे विचारणे साहजिकच होते. असो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षात घरातून बरेच काही गेले. आधी सायकल, मग तांब्या-पितळेची भांडी, मग आईच्या पायांतले तोडे. घड्याळ घ्यायलाही एक माणूस दोनदा येऊन गेला. आप्पा तयार होते. आईनेच त्याला जिन्यावरून परत लावला. म्हणाली, "पाळीवर परत जायचं झालं तर उठवणार कोण?" आप्पांची गिरणी पुन्हा उघडली नाही. चावी मात्र दर रविवारी दिली जात राहिली. २००३ साली आप्पा गेल्यावर ते काम आमच्याकडे आले.

आता या घड्याळाची गरज निराळी आहे. आईला काचबिंदू आहे. २०१४ पासून उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही, डाव्याने उजेड-अंधार एवढाच कळतो. उरलेल्या डोळ्यात सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला थेंब घालायचे असतात. रक्तदाबाची गोळी नऊला, साखरेची जेवणाआधी. दिवसभर आम्ही दोघेही कामावर, मुले शाळा-कॉलेजात. आई घरात एकटी असते आणि ती वेळ मोजते ती टोल्यांवर. नातवाने तिला वेळ बोलून दाखवणारा मोबाइल आणून दिला होता. तिने आठ दिवस वापरला आणि उशाशी ठेवून दिला. "तो विचारल्याशिवाय बोलत नाही," हे तिचे कारण. कितीही हसलो तरी त्यात अर्थ आहे. घड्याळ तिला न विचारता सांगते. स्वयंपाकघरात चाचपडत असताना, कपड्यांच्या घड्या करताना, डोळा लागला असताना, मध्येच दोन टोले पडतात आणि तिला कळते की दुपार झाली.

टोल्यांतही एक गंमत आहे. साडेबाराला एक टोला, एकला एक टोला, दीडला पुन्हा एक टोला. लागोपाठ तीनदा एकच. डोळस माणूस मान वर करून बघतो. आई बोटावर धरते. बारा झाले की डाव्या हाताचा अंगठा करंगळीला लावते, पुढचा टोला पडला की पुढच्या बोटावर. मध्ये झोप लागली तर गोंधळ होतो, म्हणून ती साडेबारा ते दीड झोपतच नाही. हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. सुट्टीच्या दिवशी बसल्या बसल्या पाहिले तेव्हा कळले.

आमची चाळ पुनर्विकासात गेली. संक्रमण शिबिरातली साडेतीन वर्षे घड्याळ गोधडीत गुंडाळून पलंगाखाली होते, कारण तिथल्या पत्र्याच्या भिंतीला ते झेपले नसते. नवीन इमारतीत चौदाव्या मजल्यावर खोली मिळाली तेव्हा पहिल्याच रविवारी घड्याळ टांगले, चावी दिली, लोलकाला हात लावला. टिकटिक सुरू झाली आणि दहा मिनिटांत थांबली. पुन्हा हलवले, पुन्हा थांबली. आमच्या भाच्याने, जो फरशी बसवायची कामे करतो, आपली पाणसळ आणून पेटीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. "मामा, एकदम सरळ आहे. मशीनच गेलं असणार," असा त्याने निकाल दिला.

आई खाटेवर बसली होती. म्हणाली, "लंगडतंय ते. ऐक की नीट. एक पाय लांब टाकतंय, एक जवळ."

आणि खरोखरच तसे होते. टिक-टॉक, टिक-टॉक असे सारख्या अंतराने यायला हवे, तिथे टिकटॉक... टिकटॉक... असे येत होते. एका बाजूला घाई, दुसऱ्या बाजूला खोळंबा. बंद पडलेल्या घड्याळाचे हे पहिले आणि बहुतेक वेळा शेवटचे निदान असते, म्हणून त्यामागची रचना थोडी समजून घेऊ.

लोलक आपण होऊन कायम हलत राहत नाही. हवा आणि घर्षण त्याला हळूहळू थांबवतात. पेटीतल्या स्प्रिंगची ताकद चाकांमधून एका दातेरी चाकापर्यंत येते. त्या चाकावर जहाजाच्या नांगरासारखा दोन टोकांचा तुकडा बसवलेला असतो. लोलक डावीकडे गेला की नांगराचे एक टोक सुटते आणि चाकाचा एक दाता पुढे सरकतो, उजवीकडे गेला की दुसरे टोक सुटते. आपण टिक आणि टॉक म्हणतो ते हे दोन आवाज. दर वेळी दाता नांगराला हलकासा धक्का देतो आणि तो धक्का एका तारेतून लोलकापर्यंत पोहोचतो. या तारेच्या खालच्या टोकाला फट किंवा कडी असते आणि लोलकाची दांडी तिच्यातून जाते. दोन्हीकडचे धक्के सारख्या वेळाने मिळाले तर लोलक चालत राहतो. एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा मिळाले, तर एका बाजूला त्याची झेप दात्याला सोडण्याइतकी पोहोचतच नाही आणि थोड्या वेळात तो थांबतो. मशीन चांगले असते, स्प्रिंग चांगली असते, तरी घड्याळ बंद.

आता पाणसळ सरळ दाखवत असताना घड्याळ लंगडले कसे? पाणसळ पेटी मोजते. आतली तार पेटीशी सरळ आहे की नाही हे तिला कळत नाही. सामान हलवताना, लोलक काढता-घालताना ती तार जराशी वाकते आणि एवढ्यानेच सगळे बिनसते. कित्येक घरांत वर्षानुवर्षे घड्याळ किंचित तिरके टांगलेले असते आणि छान चालते. मग एखादा पाहुणा येतो, त्याला ते डोळ्याला खुपते, तो उठून सरळ करतो, आणि तो गेल्यावर घड्याळ बंद पडते. अशा पाहुण्याला चहा द्यावा पण भिंतीजवळ जाऊ देऊ नये.

उपाय दोन. पहिला सोपा आहे आणि कुणीही करू शकतो. घड्याळ चालू करा, पेटीचे खालचे टोक बोटाने अगदी थोडे डावीकडे सरकवा आणि ऐका. लंगडणे वाढले तर उजवीकडे आणा. कुठेतरी एक जागा अशी येते की दोन्ही पावले सारखी पडू लागतात. तिथे भिंतीवर पेटीच्या कडेने पेन्सिलीची खूण करा. आम्ही हे करत असताना टीव्ही बंद ठेवला, पंखा बंद ठेवला आणि आईला सांगितले, तू बोल. ती "अजून... अजून... आता जास्त झालं, मागं घे" असे सांगत गेली. पेटी उजवीकडे बोटभरसुद्धा सरकली नसेल, पण चाल सुधारली.

दुसरा उपाय पेटी सरळच हवी असेल तेव्हाचा. लोलक आधी स्थिर करा. मग हाताने हळूच डावीकडे न्या, टिक ऐकू येईल तिथे थांबा आणि मधल्या जागेपासून किती अंतर झाले ते बघा. तसेच उजवीकडे करा. दोन्ही अंतरे सारखी हवीत. ज्या बाजूला टिक लवकर पडते, त्या बाजूला ती तार केसभर वाकवायची. वाकवताना तारेचे वरचे टोक दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे, म्हणजे जोर नांगरावर आणि दात्यांवर जात नाही. केसभर म्हणजे केसभरच. पुन्हा ऐकायचे, पुन्हा केसभर.

चाल सुधारली तरी आमचे घड्याळ दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबले. यावेळी दोष भिंतीचा होता. नवीन इमारतींच्या आतल्या भिंती हलक्या विटांच्या असतात, त्यांत नुसता खिळा पक्का बसत नाही. लोलक डावीकडे गेला की सगळी पेटीच किंचित उजवीकडे डुलत होती. लोलकाची ताकद भिंत खाऊन टाकत होती म्हणा ना. भाच्याने खिळा काढून प्लग घालून जाड स्क्रू बसवला आणि पेटीच्या खालच्या बाजूला आतून दोन बारीक स्क्रूंनी तिला भिंतीला धरले. त्यानंतर ते थांबलेले नाही.

मात्र चालू झाले म्हणजे काम संपले असे नव्हते. घड्याळ सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर आई गप्प होती. जेवताना हळूच म्हणाली, "अरे, मला काही धरवत नाही आता. डोकं चालंना झालंय माझं." काय झाले विचारले तर आधी सांगेना. मग कळले की तीन दिवस घड्याळ एक टोला जास्त देत होते. चारला पाच, पाचला सहा. रस्त्यावरून शाळेच्या मुलांचा आवाज येई, नळाला पाणी येई, ते सगळे तिच्या हिशेबाने तासभर उशिरा. तिने संध्याकाळचे थेंब तीनही दिवस सहालाच घातले होते. आणि घड्याळ चुकत असेल हे तिच्या मनातही आले नाही. चौपन्न-पंचावन्न वर्षांत ते चुकले नव्हते, म्हणून चुकत असेन तर मीच, असे तिने धरले होते. खाली गेल्यावर कुणाला विचारायचीही तिला लाज वाटली.

हे का होते ते सांगतो. जुन्या टोल्याच्या घड्याळांत दोन जाती आहेत. एका जातीत टोल्यांची संख्या तासकाट्याच्या जागेशी बांधलेली असते. तिथे काटे फिरवले तरी टोले बरोबर पडतात, आणि फरक पडलाच तर फक्त तासकाटा हाताने टोल्यांवर आणून ठेवायचा. दुसऱ्या जातीत, म्हणजे आमच्या घड्याळात, मागे एक चाक असते आणि त्याच्या कडेला कमी-जास्त अंतरावर खाचा असतात. हे चाक काट्यांकडे बघत नाही. त्याला फक्त आपली ओळ माहीत: एक, दोन, तीन, चार, असे बारापर्यंत, आणि पुन्हा एकपासून. बारा तासांत तासांचे अठ्ठ्याहत्तर आणि अर्ध्या तासांचे बारा मिळून नव्वद टोले. ओळीत एकदा एक पाऊल पुढे-मागे झाले, की ते कुणी दुरुस्त करेपर्यंत तसेच राहते. टोल्यांची चावी संपली आणि वेळेची चालू राहिली, किंवा आमच्यासारखे घड्याळ सारखे बंद-चालू झाले आणि काटे फिरवले गेले, की हे होते.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. घड्याळाने तासाचे टोले देऊन झाले की मिनिटकाटा बारावरून साधारण वीस मिनिटांएवढा मागे आणायचा आणि पुन्हा बारावर न्यायचा. ओळीतले पुढचे टोले पडतात, कधी अर्ध्या तासाचा एक, कधी पुढच्या तासाचे पूर्ण. ते पुरे होऊ द्यायचे, घाई करायची नाही. तासकाटा जिथे आहे तेवढे टोले पडेपर्यंत हेच करत राहायचे. एक टोला जास्त पडत असेल तर अकरा तास पुढे जावे लागते, त्याला इलाज नाही. काही घड्याळांत पेटीच्या आत एक तार लोंबत असते, ती वर उचलली की हेच काम काट्यांना हात न लावता होते. आमच्या घड्याळाला काटा एवढा मागे नेलेला चालतो, प्रत्येकाच्या चालेलच असे नाही. काटा अडतो आहे असे वाटले तर जोर लावू नका. त्या रात्री नवापासून साडेनवापर्यंत आमच्या घरात एवढे टोले पडले, की समोरच्या घरातून काय कार्यक्रम आहे म्हणून विचारणा झाली. शेवटी नऊ पडले. आईने मोजले. मग तिने आधी ताट ओढून घेतले.

वेळ जुळवणे हे सर्वांत सावकाशीचे काम. लोलकाच्या खाली एक नट असतो. तो फिरवून चकती वर घेतली की लोलक आखूड होतो आणि घड्याळ पुढे जाते. खाली सोडली की लांब होतो आणि मागे पडते. चकती जड केल्याने वा हलकी केल्याने वेळ बदलते असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. लोलकाचा काळ ठरतो तो त्याच्या लांबीवर आणि पृथ्वीच्या ओढीवर. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ साली लोलकाचे पहिले घड्याळ बनवले, ते याच गुणावर. एका सेकंदाला एक ठोका देणारा लोलक सुमारे ९९ सेंटीमीटर लांब असतो. घरच्या भिंतीवर तेवढी जागा नसते, म्हणून बहुतेक घरी सुमारे २५ सेंटीमीटरचा, अर्ध्या सेकंदाला ठोका देणारा लोलक असतो. त्यात एका मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटे.

म्हणून वही ठेवावी. आम्ही मुलीची जुनी वही घेतली. पहिल्या दिवशी घड्याळ मोबाइलच्या वेळेपेक्षा चार मिनिटे मागे पडले. नट अडीच फेऱ्या वर घेतला. आमच्या नटाच्या एका फेरीला दिवसाचे दीड मिनिट येते, हे वहीवरूनच कळले. नंतर आठवड्यात अडीच मिनिटे मागे, म्हणजे दिवसाला वीस-बावीस सेकंद. पाव फेरी आणखी. रोज नट फिरवणारा माणूस कधीच वेळ जुळवू शकत नाही. एकदा फिरवला की निदान पूर्ण दिवस आणि शेवटी शेवटी पूर्ण आठवडा वाट पाहावी. नट फिरवताना दांडी दुसऱ्या हाताने धरावी, नाहीतर वर जी ब्लेडसारखी पातळ पट्टी लोलकाला पेलून धरते तिला पीळ बसतो.

भाच्याने एक शंका काढली. "मामा, आपण चौदाव्या मजल्यावर आलो म्हणून तर मागे पडत नसेल?" शंका वेडगळ नाही. उंचावर पृथ्वीची ओढ कमी होते आणि लोलक मंदावतो. पण हजार मीटर चढलो तेव्हा कुठे दिवसाला दहा-पंधरा सेकंदांचा फरक पडतो. चौदा मजल्यांना एक सेकंदही नाही. जागेमुळे पडणारा मोठा फरक पहिल्यांदा लक्षात आला तो १६७२ साली. झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसमध्ये जुळवलेले घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला. ते तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ तेच, लोलक तोच. पुढे या फरकावरून पृथ्वी अगदी गोल नसून विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, या न्यूटनच्या म्हणण्याला आधार मिळाला. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे बिघाड पृथ्वीत होता!" आम्ही त्याला दुरुस्त केले नाही.

उन्हाळ्याचा फरक मात्र खरोखर दिसतो. पोलादी दांडी तापल्यावर लांब होते. दहा अंश तापमान वाढले की दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे, पितळी दांडी असेल तर आठ. मुंबईत हे फारसे जाणवत नाही. विदर्भातल्या वाचकांना थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यापर्यंत पंचवीस-तीस अंशांचा फरक पडतो, तिथे जुळवलेले घड्याळ उन्हाळ्यात महिन्याला सहा-सात मिनिटे मागे पडले तर ते बिघडले असे समजू नये.

आता दोन-तीन गोष्टी ज्या करू नयेत. खोबरेल तेल घालू नये. थंडीत ते गोठते, मग धूळ धरते आणि चिकट राळ होऊन बसते. घड्याळाचे तेल वेगळे मिळते. सुईच्या टोकावर येईल तेवढे, जिथे चाकाच्या आसाचे टोक पाटीच्या भोकात फिरते तिथे, आणि नांगराच्या दोन टोकांना नावापुरते. चाकांच्या दात्यांना अजिबात नाही. परळला पूर्वी एक वृद्ध घड्याळजी बसत. आप्पांनी त्यांच्याकडे एकदा घड्याळ नेले, तेव्हा त्यांनी सगळे मशीन केवळ आदल्या कुणीतरी ओतलेले तेल काढण्यासाठी उघडले होते. आता त्या जागी मोबाइलची कव्हरे विकतात.

चावी जास्त दिल्याने घड्याळ बंद पडते, हाही एक गैरसमज. चावी थांबेपर्यंत पूर्णच द्यायची असते. पूर्ण चावी देऊनही घड्याळ चालत नसेल तर मळ, घट्ट झालेले तेल किंवा झिजलेली भोके हे कारण असते. स्प्रिंग मात्र घरी उघडू नये. तिच्यात आठ दिवसांची ताकद दाबून भरलेली असते. ती एकदम सुटली तर बोट मोडू शकते. चावी देताना हात घसरून उलटी गरगर फिरली, किंवा आतून 'खट्ट' असा आवाज येऊन चावी सैल लागली, तर तिथेच थांबावे आणि माहीतगार माणूस शोधावा, तो मिळेपर्यंत घड्याळ बंद राहिले तरी चालेल.

रोज ठरावीक वेळीच बंद पडत असेल तर काटे तपासावेत. तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांना घासत असतात, किंवा एखादा काचेला लागतो. चकती पेटीच्या पाठीला घासते आहे का तेही बघावे. आणि दार उघडून खालचा कोपरा बघायला विसरू नये. आमच्या घड्याळात पालीची दोन अंडी निघाली. पांढरी, गोल, पेटीच्या तळाला चिकटलेली. संक्रमण शिबिरातून आमच्याबरोबर कुणी कुणी प्रवास केला होता कोण जाणे.

चावी आता आईच देते. दर रविवारी, सकाळचे थेंब घालून झाले की. आम्ही तिला स्टुलाजवळ उभे करतो, ती तबकडी चाचपते, बोटाने भोक शोधते. उजवीकडचे भोक वेळेचे, डावीकडचे टोल्यांचे. अर्धी अर्धी फेरी मोजत देते. उजवीकडे चौदा अर्ध्या फेऱ्या बसतात, डावीकडे सोळा. गेल्या रविवारी डावीकडे तेरावरच चावी थांबली. आईने हात तसाच धरून ठेवला आणि विचारले, आठवड्यात कधी टोले पडले नव्हते का? वही काढून बघितली. बुधवारी दुपारी आमची मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती आणि तिने टोल्याच्या हातोडीला रुमाल बांधून ठेवला होता. पण रुमाल बांधल्याने चावी वाचत नाही, हातोडी हलतेच. तेव्हा ते कारण नव्हे. तीन अर्ध्या फेऱ्या कुठे गेल्या याचा शोध अजून चालू आहे. येत्या रविवारी पुन्हा मोजणार आहोत.